कब्बन : एका आडनावाचा प्रवास

बंगळूर शहराच्या मध्यभागी सुमारे तीनशे एकरांचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या कडेला उच्च न्यायालयाची तांबडी इमारत उभी आहे आणि रस्त्यापलीकडे विधान सौधाचा भव्य प्रासाद दिसतो. सरकारी दप्तरात या उद्यानाचे नाव १९२७ सालापासून ‘श्री चामराजेंद्र उद्यान’ असे आहे. परंतु शहरात नव्याने आलेल्या एखाद्या प्रवाशाने या नावाची चौकशी केली, तर विचारात पडणारेच अधिक भेटतील. ‘कब्बन पार्क’ म्हटले की मात्र लहान मूलदेखील हात करून वाट दाखवील. जवळून जाणारा रस्ता कब्बन रोड आहे. जुन्या पेठेतील विणकरांची वस्ती कब्बनपेट आहे. आणि २०१६ साली भुयारी लोहमार्ग सुरू झाला तेव्हा तेथील स्थानकालाही कब्बन पार्क हेच नाव मिळाले.

इतक्या ठिकाणी आढळणारे हे नाव मुळात एका कुटुंबाचे आडनाव आहे. विशेष असे की, ज्या गृहस्थामुळे ते या शहरात आले त्याने येथे वंश ठेवला नाही. तो अविवाहित होता, त्याचा देह येथे विसावला नाही, आणि त्याच्या रक्ताचे कोणी येथे मागे राहिले नाही. राहिले ते केवळ आडनाव. तेव्हा हे आडनाव कोठून आले, त्याचा अर्थ काय, ते कोणकोणत्या भाषांतून गाळून आले आणि कानडी मुलखात ते एवढे घट्ट कसे रुजले, हा प्रश्न मनोरंजक तर आहेच. पण आडनाव ही वस्तू खरोखर कोणाच्या मालकीची असते, या जरा खोल प्रश्नालाही तो जाऊन भिडतो.

साहेबांच्या नावांना आपण सरसकट ‘इंग्रजी’ म्हणतो. त्यांची घडण मात्र मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे आडनावे साधारणतः चार वाटांनी आली. गावावरून पुणेकर, नाशिककर झाले. वतनावरून व व्यवसायावरून कुलकर्णी, देशपांडे, जोशी झाले. रंगरूपावरून काळे, गोरे झाले. आणि काही घराण्यांना एखाद्या पूर्वजाचेच नाव चिकटून राहिले. इंग्लंडातही याच चार वाटा आहेत. लोहार तो स्मिथ, शिंपी तो टेलर, भटारी तो बेकर. रंगावरून ब्राउन आणि व्हाइट ही तर आपल्या काळे-गोऱ्यांची सख्खी भावंडे. गावावरून पडलेल्या आडनावांना तेथे तोटा नाही. चौथी वाट पित्याच्या नावाची. तिच्यासाठी इंग्रजीत ‘सन’, म्हणजे पुत्र, हा शब्द मागे जोडतात. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली निघाले आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव देण्यात आले. त्या नावाचा अर्थ ‘फर्गसचा पुत्र’ एवढाच आहे. मराठी मुलांच्या किती पिढ्या हा शब्द उच्चारीत त्या दगडी इमारतीत गेल्या. पण त्यात कोणा फर्गस नावाच्या स्कॉटिश बापाची आठवण दडलेली आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

‘कब्बन’ हे आडनावही याच चौथ्या वाटेने आलेले आहे. मात्र ते इंग्लंडच्या भूमीवर जन्मले नाही. त्याचे घर इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आहे. तेथे मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ५७२ चौरस किलोमीटर, आणि २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या सुमारे चौऱ्याऐंशी हजार. हे बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली असले तरी युनायटेड किंगडमचा भाग नाही. त्याचे स्वतःचे ‘टिनवाल्ड’ नावाचे विधिमंडळ आहे आणि त्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी मानली जाते. तेराव्या शतकापर्यंत येथे नॉर्वेकडील सागरी वीरांच्या वंशजांची सत्ता होती. १२६६ साली नॉर्वेच्या राजाने तहान्वये ते स्कॉटलंडला दिले, आणि १४०५ पासून ते इंग्लंडच्या स्टॅन्ली घराण्याकडे गेले. राज्यकर्ते बदलत राहिले, परंतु घराघरांतून बोलली जाणारी भाषा निराळीच होती. ती मॅन्क्स. आयर्लंड व स्कॉटलंड येथील गेलिक भाषांची ही धाकटी बहीण.

गेलिक भाषांत पुत्राला ‘मॅक’ म्हणतात आणि हा शब्द पित्याच्या नावाच्या पुढे, म्हणजे आधी, लागतो. डोनाल्डचा पुत्र तो मॅकडोनाल्ड. सोळाव्या शतकाच्या आरंभीचे मॅन बेटावरील जमाबंदीचे पट आजही उपलब्ध आहेत. त्यांत खातेदारांच्या नावांमागून नावे ‘मॅक’ या शब्दाने सुरू होतात. पुढे शंभर-दीडशे वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. बोलताना ‘मॅक’ या शब्दावरचा जोर कमी होत गेला. प्रथम ‘म’ गळाला, मग ‘अ’ गळाला, आणि सतराव्या शतकापर्यंत संपूर्ण शब्दच नाहीसा झाला. पण जाता जाता त्याचे शेवटचे अक्षर, तो ‘क’, पुढच्या नावाला चिकटून राहिला. मॅक-आयझॅक याचे झाले किसॅक. मॅक-विल्यम याचे झाले क्विलियम. मॅक-अ‍ॅलिस्टर याचे झाले कॅलिस्टर. उतारावर गाडा निघून जावा आणि त्याच्या चाकाची एक खीळ रस्त्यात पडून राहावी, तसा हा ‘क’. आजही मॅन बेटावरील जुन्या घराण्यांची नावे पाहिली, तर त्यांतील फार मोठा भाग ‘क’ या एकाच ध्वनीने सुरू होतो. १८०५ साली ट्रफल्गारच्या सागरी युद्धात नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर जॉन क्विलियम नावाचा एक अधिकारी होता. तो कोठला, हे त्याच्या नावाचे पहिले अक्षरच सांगते.

बेटावरील आडनावांचा आणि गावांच्या नावांचा पद्धतशीर अभ्यास ए. डब्ल्यू. मूर यांनी केला. त्यांचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. कब्बन या नावाची व्युत्पत्ती ‘मॅक-गिबन’, म्हणजे गिबनचा पुत्र, अशी लावण्यात येते. ‘मॅक’मधील ‘क’ आणि ‘गिबन’मधील ‘ग’ यांची टक्कर झाली. कठोर ‘क’ने मृदू ‘ग’ला गिळले, आणि उरले ते कब्बन.

परंतु येथे शोध थांबत नाही, कारण ‘गिबन’ हे नावही मूळचे गेलिक नव्हे. ते ‘गिल्बर्ट’ या नावाचे लाडके रूप आहे. आपल्याकडे विठ्ठलाचा विठू होतो आणि पांडुरंगाचा पांडू होतो, त्याप्रमाणे गिल्बर्टचा ‘गिब’ झाला. त्याला फ्रेंच वळणाचा लघुत्वदर्शक ‘ऑन’ प्रत्यय लागून ‘गिबन’ झाले. गिल्बर्ट हे नाव जुन्या जर्मन बोलीतील. त्याच्या पूर्वार्धाचा संबंध ओलीस अथवा वचनादाखल ठेवलेली व्यक्ती या अर्थाशी आहे आणि उत्तरार्धाचा अर्थ तेजस्वी. त्या काळी राजे एकमेकांच्या दरबारी आपली मुले हमी म्हणून ठेवीत. अशा कुलीन, तेजस्वी मुलाचे हे नाव असावे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्यासमवेत हे नाव फ्रान्समधून समुद्र ओलांडून आले आणि त्यांच्यामागोमाग ते आयर्लंड, स्कॉटलंड व मॅन येथे पसरले.

यातून भावकीचा एक मोठा विस्तार निर्माण झाला. इंग्लंडात ‘गिब’ला ‘सन’ जोडून गिब्सन झाले. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा जगद्विख्यात इतिहास लिहिणारे एडवर्ड गिबन, यांच्या आडनावात प्रत्ययाची जोड न होता ते नाव तसेच राहिले. आयर्लंडात नॉर्मन सरदारांनी पुत्रवाचक फ्रेंच शब्द आधी ठेवून फिट्झगिबन केले. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात ‘मॅक’ शाबूत राहून मॅककबिन झाले. तेथून हे नाव वसाहतींच्या मार्गाने ऑस्ट्रेलियात पोचले. तेथील निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले फ्रेडरिक मॅककबिन १८५५ साली मेलबर्नमध्ये जन्मले. गिब्सन, फिट्झगिबन, मॅककबिन आणि कब्बन ही चार नावे कानाला परस्परांशी संबंध नसलेली वाटतात. परंतु अर्थ एकच, ‘गिबचा पोर’. याचा अर्थ या सर्वांचा पूर्वज एकच होता असा मात्र नव्हे. गिब नावाचे बाप गावोगाव होते आणि त्यांच्या पोरांना त्या त्या गावच्या भाषेने नाव दिले. आडनावांच्या बाबतीत हा भेद नेहमी ध्यानात ठेवावा लागतो. नावाचे नाते भाषेचे असते. ते रक्ताचे असेलच असे नाही.

मॅन बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर मॉखोल्ड नावाचा एक परगणा आहे. प्राचीन कोरीव क्रूसशिळांसाठी तो प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे रेव्हरंड थॉमस कब्बन हे धर्मोपदेशक होते. त्यांची पत्नी मार्गारेट ही विल्क्स घराण्यातील. हे विल्क्स नावही मौजेचे आहे. विल्यमचे लाडके रूप ‘विल्क’, त्याचे हे घराणे. मार्गारेटचे बंधू मार्क विल्क्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात होते. टिपू सुलतानाच्या पतनानंतर म्हैसूरच्या गादीवर वोडेयर घराण्याची पुनःस्थापना झाली. त्या दरबारी १८०३ पासून काही वर्षे विल्क्स हे रेसिडेंट होते. दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १८१० ते १८१७ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे ते सेंट हेलिना बेटाचे गव्हर्नर झाले. १८१५ साली पराभूत नेपोलियनला त्या बेटावर आणले तेव्हा तेथील कारभार विल्क्स यांच्याच हाती होता. ज्याचा मामा मोठा त्याचा मार्ग मोकळा. मार्गारेटचा मुलगा मार्क कब्बन १८०० साली कंपनीच्या लष्करात उमेदवार म्हणून दाखल झाला आणि मद्रासला आला. लहान बेटांवरील तरुणांना त्या काळी दोनच वाटा मोकळ्या होत्या, एक समुद्राची व दुसरी सैन्याची. कब्बन हे नाव हिंदुस्थानात आले ते या दुसऱ्या वाटेने.

१८३०-३१ साली म्हैसूर संस्थानात, विशेषतः नगर प्रांतात, रयतेचा मोठा उठाव झाला. त्याचे निमित्त करून लॉर्ड बेंटिंक यांनी १८३१ मध्ये कृष्णराज वोडेयर तिसरे यांच्याकडून राज्यकारभार काढून घेतला आणि तो कमिशनरांकडे सोपविला. कारभाराचे केंद्र म्हैसूरहून बंगळुरास आले. १८३४ साली मार्क कब्बन यांच्याकडे कमिशनरचे पद आले आणि १८६१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षे, ते त्यांच्याकडेच राहिले. एवढ्या काळात शेकडो किरकोळ कर रद्द झाले, सुमारे सोळाशे मैल रस्ते झाले, पूल झाले, कॉफीच्या लागवडीस उत्तेजन मिळाले, तारायंत्र आले. १८६० मध्ये म्हैसूरचा कारभार मद्रास सरकारकडे सोपविण्याचा घाट घातला गेला. तेव्हा महाराजांनी त्यास विरोध केला, आणि कब्बन यांनीही आपला राजीनामा पुढे केला. तो बेत बारगळला.

या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कब्बन हे कितीही कर्तबगार असले तरी ते एका राजाचे हिरावलेले राज्य चालवीत होते. कृष्णराज वोडेयर यांनी आपले राज्य परत मिळावे म्हणून अखेरपर्यंत अर्ज केले. १८६८ साली त्यांचे निधन झाले आणि राज्य परत मिळाले ते १८८१ साली, त्यांच्या दत्तक पुत्राला. त्या पुत्राचे नाव चामराजेंद्र. प्रस्तुत उद्यानाला सरकारी दप्तराने दिलेले नाव ते हेच.

मराठी श्रोत्यांना या कथेत आणखी एका कारणाने आस्था वाटावी. बंगळूर हे मराठी माणसाला नवे नाही. १६३८ नंतर ही जहागीर शहाजीराजांकडे आली, आणि जुन्या मराठी कागदांत ‘बेंगरूळ’ या नावाने तिचे उल्लेख येतात. पुढे म्हैसूरच्या कचेऱ्यांतून मराठी कारकुनी लेखणी दीर्घकाळ चालत राहिली. कब्बन यांच्या अमदानीतही हिशेब व दप्तर कानडीबरोबर मराठीत ठेवण्याची प्रथा होती. ज्या इमारतीत पुढे सर्व खाती एकत्र आली तिचे लोकांनी पाडलेले नाव ‘अठारा कचेरी’, म्हणजे अठरा खात्यांची कचेरी. या शब्दांत मराठी कानाला खटकावे असे काहीच नाही. ही इमारत १८६४ ते १८६८ या काळात बांधली गेली आणि आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. मॅन्क्स पित्याचे नाव लावणारा अधिकारी, कानडी मुलूख आणि मराठी दप्तर असा हा त्रिवेणी संगम होता.

कब्बन १८६१ साली प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होऊन मायदेशी निघाले. परंतु घर गाठणे त्यांच्या नशिबी नव्हते. एप्रिलमध्ये सुवेझ येथे त्यांचे निधन झाले. सुवेझचा कालवा त्या वेळी अजून पुरा व्हावयाचा होता. त्यांचा देह मॅन बेटावर नेण्यात आला आणि पित्याच्या मॉखोल्ड गावीच त्याचे दफन झाले. देह बेटावर परत गेला. नाव मात्र बंगळुरातच राहिले.

त्या नावाने आपल्यासोबत बेटाची भाषाही थोडीशी आणली होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. कब्बन यांनी बंगळुरात एक बंगला बांधला आणि त्याला ‘बालाब्रूई’ असे नाव दिले. हा शब्द इंग्रजी नाही, कानडीही नाही. तो मॅन्क्स आहे. ‘बाला’ म्हणजे वाडी अथवा शेतघर आणि ‘ब्रूई’ म्हणजे काठ, उतार. काठावरची वाडी, एवढाच त्याचा अर्थ. मॅन बेटावर या नावाच्या वाड्या आहेत. मॅन्क्स जन्मभाषा असलेले शेवटचे गृहस्थ नेड मॅड्रेल १९७४ साली वारले आणि भाषा संपली असे सर्वत्र बोलले गेले. पुढे बेटावरील लोकांनी मोठ्या निष्ठेने तिचे पुनरुज्जीवन केले. २००१ साली मॅन्क्स माध्यमाची मुलांची शाळा सुरू झाली. बंगळुरातील बालाब्रूई हे राज्य सरकारचे अतिथिगृह झाले. अनेक नामवंत तेथे उतरले. जी भाषा स्वतःच्या घरी मरणपंथाला लागली होती, तिचा एक शब्द पाच हजार मैलांवर रोजच्या वापरात अखंड राहिला. नावांची ही शक्ती विलक्षण आहे. माणसे जे विसरतात ते नावे जपून ठेवतात, आणि आपण काही जपून ठेवीत आहोत याची त्यांना वार्ताही नसते.

आता उद्यानाकडे वळावे. हे उद्यान कब्बन यांनी बांधलेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १८७० साली, मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी त्याची आखणी केली. त्या वेळी सर जॉन मीड हे हंगामी कमिशनर होते आणि आरंभी उद्यानाला त्यांचेच नाव होते. परंतु ‘मीड पार्क’ हे नाव लोकांच्या तोंडी टिकले नाही. लोकांना कमिशनर म्हटले की आठवत होते ते सत्तावीस वर्षे कारभार करणारे कब्बन. उद्यानाला त्यांचे नाव पडले. पुढे १९२७ साली कृष्णराज वोडेयर चौथे यांच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव झाला. त्या प्रसंगी उद्यानाला त्यांच्या पित्याचे, चामराजेंद्रांचे नाव देण्यात आले. म्हणजे हे नाव बदलले ते स्वातंत्र्योत्तर काळातील कोणा सरकारने नव्हे, तर ब्रिटिश अमदानीतच एका पुत्राने पितृस्मरणार्थ बदलले. उद्देश उचित होता, अधिकार निर्विवाद होता. तरीही लोकांच्या जिभेने तो हुकूम मानला नाही.

याचे कारण परक्या साहेबाविषयीचे प्रेम हे नसावे. कारण ध्वनीचे आहे आणि सवयीचे आहे. ‘कब्बन’ हा उच्चार कानडी कानाला परका वाटत नाही. कानडीत लोखंडाला ‘कब्बिण’ आणि उसाला ‘कब्बु’ म्हणतात. या ओळखीच्या शब्दांच्या शेजारी कब्बन हे नाव सहज जाऊन बसते. विणकरांनी आपल्या वस्तीला कब्बनपेट म्हटले तेव्हा त्या शब्दात बेटही नव्हते आणि साहेबही नव्हता. ती आपली पेठ होती. आडनावाने आपला धर्म सोडला आणि ते स्थलनाम झाले. माणसाची ओळख सांगण्याचे काम संपले आणि ठिकाणाची ओळख सांगण्याचे काम सुरू झाले. बंगळुरातील फ्रेझर टाउनचे अधिकृत नाव पुलकेशीनगर झाले, तरी तेथले रहिवासी फ्रेझर टाउनच म्हणतात. मुंबईतील व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ साली बदलले. छत्रपतींचे नाव मिळाल्याचा अभिमान बाळगणारी माणसेही घाईच्या वेळी ‘व्ही. टी.’ म्हणून जातात. त्यात राणीचा गौरव कोणाच्याच मनात नसतो. याउलट साउथ परेड या रस्त्याचे महात्मा गांधी रोड झाले आणि ते नाव लोकांनी पुरते स्वीकारले. तेव्हा नवे नाव टिकतच नाही असेही नाही. ते जिभेला सोपे असावे लागते, आणि जुन्याची गरज भागवणारे असावे लागते.

याच शहरात आडनावाच्या इतिहासाचे दुसरे टोकही पाहावयास मिळते. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली अनेक मराठी घराणी आपले मूळ आडनाव लावीत नाहीत. ती नावापुढे केवळ ‘राव’ लावतात. म्हैसूरचे दिवाण व्ही. पी. माधवराव हे १९०६ ते १९०९ या काळात त्या पदावर होते. ते कुंभकोणमकडील मराठी कुळातले. त्यांच्या इंग्रजी सहीत ‘राव’ हेच आडनावाच्या जागी बसले. वास्तविक ‘राव’ हा आदरार्थी शब्द आहे, आडनाव नव्हे. परंतु दक्षिणेत गावाचे व पित्याचे नाव आद्याक्षरांत जाते आणि आडनावाची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेवर हा आदर येऊन बसला. मॅन बेटावर पुत्रवाचक ‘मॅक’ गळून त्याचा ‘क’ नावाला चिकटला. येथे कुळाचे नाव गळून बहुमानाचा ‘राव’ चिकटला. दोन्हीकडे नाव बनले ते लोकांच्या उच्चाराने. कुळाची वंशावळ त्यापुढे हतबल झाली. बंगळुरातील कित्येक राव मंडळींच्या घरी मराठी अजून बोलली जाते. पण मूळ गाव कोणते, आडनाव कोणते, हे सांगणारे वडीलधारे माणूस जाते त्या दिवशी ती माहितीही त्याच्याबरोबर जाते. कब्बनचे कूळ या शहरात नाही आणि नाव आहे; रावांची कुळे या शहरात आहेत आणि नावे हरवली आहेत.

कब्बन यांचा अश्वारूढ पुतळा कार्लो मारोकेटी या शिल्पकाराने घडविला आणि तो १८६६ साली बंगळुरात उभा राहिला. प्रथम तो लष्करी कवायतीच्या मैदानावर होता. नंतर अठारा कचेरीसमोर आला. आणि २०२० साली न्यायालयाच्या आवारातून हलवून उद्यानाच्या आत ठेवण्यात आला. न्यायमंदिरासमोर परकीय सत्तेच्या प्रतिनिधीचा पुतळा असावा काय, हा प्रश्न रास्त होता. पुतळा म्हणजे गौरव. गौरव कोणाचा करावा हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे. परंतु नाव ही गोष्ट पुतळ्याहून निराळी आहे. पुतळा उचलून दुसरीकडे नेता येतो. जिभेवरचे नाव कोणालाही उचलता येत नाही. शिवाय नावात गौरवाबरोबर माहितीही साठलेली असते. कब्बन या तीन अक्षरांत एक जर्मन विशेषनाम आहे, एक फ्रेंच प्रत्यय आहे, एका लहानशा बेटाच्या भाषेतील गळालेल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आहे आणि कानडी जिभेने त्याला दिलेले घर आहे. जर्मनी, फ्रान्स, मॅन आणि कर्नाटक एवढा प्रवास त्या इवल्याशा शब्दाने केला आहे.

तेव्हा आडनाव कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते. कुळ ते निर्माण करते, पण टिकविते ते बोलणारे लोक. पित्याने पुत्राला दिलेले नाव पुत्राबरोबर संपू शकते. परंतु परक्या गावाने एकदा ते आपल्या तोंडात घेतले, की त्याला पुत्राची गरज राहत नाही. गिबनच्या अज्ञात पोराचे नाव आज बंगळुरात दररोज हजारो मुखांतून उच्चारले जाते. ती मुखे कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी आहेत. त्यांपैकी कोणाचाही त्या गिबनशी काडीचा संबंध नाही. आणि म्हणूनच बहुधा ते नाव त्यांच्याजवळ इतके सुरक्षित आहे.